आधी कबुली, मग तपासणी

४ फेब्रुवारी, मंगळवार
टायरवाल्याने यंदा दोन डायऱ्या पाठवल्या. एक यांनी गाडीत ठेवली, दुसरी मी उचलली. यांच्या डायरीत गाडी शिकणाऱ्यांचे तास असतील. माझ्या डायरीत काय असेल ते बघू.

आज वन्संनी मला धरून नेलं. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. बाई प्रेमळ आहे, पण एकदा का हात धरला की सोडत नाही. आरोग्य केंद्रात बायकांची गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी चालू आहे म्हणे. मी म्हटलं, मला काही होत नाही, मग कशाला? तर म्हणाल्या, "अगं, चाळिशी उलटली तुझी. चल म्हणते ना!" आणि डोळ्यांत पाणी. उगाच. या बाईला कांदा न चिरता रडता येतं.

पडद्यामागे उंच टेबल, पाय अडकवायला लोखंडी कड्या, आणि थंडगार अवजार. डॉक्टरीणबाईंनी बारीक ब्रश फिरवला आणि झालं. भाजीत मीठ घालायला वेळ लागतो तेवढाच लागला. त्याआधी लाजण्यात मात्र मी बराच घालवला.

घरी आले तर हे गाडीत, शेजारी 'दुसरा गिअर'. ही शिलाई मशीन दुरुस्त करणारी बाई. मशीन न्यायला-आणायला गाडी घेतलीय, आणि महिना झाला तरी दुसऱ्या गिअरच्या पुढे जात नाही, म्हणून यांनीच ते नाव ठेवलंय. यांचा धंदाच असा. दिवसभर परक्या बायकांच्या शेजारी बसायचं आणि "सावकाश... सावकाश... आता सोडा" म्हणायचं. बाहेरच्या खोलीत आमचं ऑफिस, तिथे बसून कुणाला कोणता तास ते मी ठरवते. संशय घेणारी मी नव्हे. लक्ष ठेवते इतकंच.

१९ फेब्रुवारी, बुधवार
पॉझिटिव्ह आला.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. एचपीव्ही नावाचा विषाणू. बहुतेक बायकांना, पुरुषांना कधी ना कधी होतो आणि आपोआप जातो. माझ्यातला मात्र ज्या जातींनी पुढे कॅन्सर होऊ शकतो त्यांतला आहे, म्हणून दुर्बिणीतून बघायचं. "आज कॅन्सर आहे असं मी म्हणत नाहीये. होऊ नये म्हणून बघायचंय. बुधवारी सकाळी या, टाळू नका."

मी विचारलं, हा येतो कुठून? म्हणाल्या, शरीरसंबंधातून.

त्यानंतरही त्या बरंच बोलल्या. वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहू शकतो, कधी आला ते सांगता येत नाही, कुणावर आळ घेऊ नका, वगैरे. डॉक्टर लोकांना संसार मोडायचे नसतात, त्यांना असं बोलावंच लागतं. मी म्हटलं, "मग यांचीही तपासणी करा." तर म्हणाल्या, पुरुषांसाठी अशी नेहमीची तपासणीच नाही!

वा रे न्याय. टेबलावर चढायचं आम्ही, पाय अडकवायचे आम्ही, आणि हे नामानिराळे!

यांना काही सांगितलं नाही. जेवताना नुसती बघत राहिले. म्हणाले, "काय गं, मीठ कमी पडलं?" काय पण साळसूद!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
डोक्यात यांच्याकडे शिकणाऱ्या बायकांची यादी फिरतेय. हॉर्नवाली शाळामास्तरीण? तिला हे घाबरतात. ती जुळ्यांची आई? तिला श्वास घ्यायला सवड नाही, नवरे कुठून पळवणार. उरली दुसरा गिअर. नवरा नाही, हाताला मशीनच्या तेलाचा वास, आणि हसली की सगळे दात दिसतात. हे परवा म्हणाले, "तिला इंजिनातलं कळतं हो, बोलायला मजा येते." माझ्याशी बोलायला मजा येते असं कधी म्हणाल्याचं आठवत नाही. शिवाय ती परीक्षा द्यायला तयारच नाही. "मास्तर, आणखी थोडे तास द्या." ताकाला जाऊन भांडं लपवते ती.

वन्संचा फोन. "काय आलं गं तपासणीत?" मी म्हटलं, सगळं ठीक. "नक्की? कागद दाखवशील?" चोंबडेपणाला सीमा असावी.

माझ्या आधी यांची एक बायको होती. लग्नानंतर थोड्याच वर्षांत पोटाच्या दुखण्याने गेली. हे लिहायचं कारण, उद्या कुणी म्हणेल ही बाई मुळातच मत्सरी. तसं असतं तर तिचाही केला असता. गेलेल्या माणसाचा कसला मत्सर? तिचा फोटो मी बैठकीतून आतल्या खोलीत हलवला तो उन्हाने रंग उडतो म्हणून.

२६ फेब्रुवारी, बुधवार
दुर्बिणीची तपासणी आजच होती. आणि दुसऱ्या गिअरचा तासही आजच, त्याच वेळेला. तास मीच लावलेला, पण तेव्हा कुठे ठाऊक होतं?

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. एकजण चालवत असतो तेव्हा पुढच्या तासाचा मागे बसून बघतो. मी म्हटलं, मीही शिकते. आज मागे बसते. हे आरशातून माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मागच्या सीटवर पोलीस बसलाय.

यांच्या पायाशीही ब्रेक असतो. तिने चौकात गाडी बंद पाडली तेव्हा यांचा पाय ब्रेकवर गेला आणि तिच्याकडे बघून हे म्हणाले, "घाबरू नका, मी आहे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाकी काही झालं नाही. एरवी म्हणे गप्पा रंगतात, आज दोघं चिडीचूप. काही सापडलं नाही म्हणजे नीट लपवलंय.

तपासणी काय, पुढच्या आठवड्यात करता येईल.

३ मार्च, सोमवार
आंघोळ करून आले तर हे माझा फोन हातात धरून उभे. चेहरा पडलेला.
"कुणाचा होता?"
"एक पुरुष होता. तुझ्याशीच बोलायचंय म्हणाला. मी तिचा नवरा म्हटलं, तर म्हणाला, तुम्हाला नाही सांगता येणार, त्यांनाच सांगायचंय."
केंद्रातून बायकांना तारखांची आठवण करणारा फोनवाला असणार. मी म्हटलं, "असेल कुणीतरी."
"बुधवारी आल्या नाहीत एवढं कळवा म्हणाला."
"बरं."
"बुधवारी तर तू गाडीत होतीस."
"हो, होते. का? अडचण झाली?"

चहा अर्धा टाकून गेले. मागे बसलेलं झोंबलंय, दुसरं काय.

९ मार्च, रविवार
पुरावे आपल्या पायांनी चालत येताहेत. यांनी केस काळे केले! कानाच्या पाळीवर एक काळा डाग राहिलाय, तो मी मुद्दाम सांगितला नाही. मोरपंखी शर्ट आणला. साखर सोडली, संध्याकाळी फिरायला जातात, पोट आत ओढून चालतात. इतक्या वर्षांत माझ्यासाठी कधी पोट आत घेतलं नव्हतं.

वर मला लोकरीचे पायमोजे. "तुझे पाय गार पडतात ना?" आणि संध्याकाळी सिनेमाला जाऊ या का? चोराच्या मनात चांदणं! मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय. तर हळूच म्हणाले, "कुठे दुसरीकडे जायचंय का तुला?" मी कुठे जाणार?

मी ठरवलंय. आधी कबुली, मग तपासणी. मी तिकडे टेबलावर पडायचं आणि हे इकडे मोकळे फिरणार, असं होणार नाही. केंद्रातून पुन्हा फोन आला. हे समोर होते म्हणून कापला.

१४ मार्च, शुक्रवार
आज डाग दिसला. पाळीची वेळ नाही.

न्हाणीघरात बराच वेळ बसून राहिले. भीती वाटतेय, खोटं कशाला लिहू? वाटलं, उठावं आणि तश्शीच केंद्रात जावं. चप्पलही घातली. मग खिडकीतून दिसलं की गाडी उभी आहे आणि दुसरा गिअर काच खाली करून हसतेय. डोक्यात आलं, मी मेले तर हिला तास लावून द्यायला ऑफिसात कोण बसेल? हीच बसेल. माझ्या खुर्चीवर, माझी उशी पाठीशी घेऊन.

चप्पल काढली. तिच्यासाठी जागा करून द्यायला मी मरणार नाही. आणि कबुली मिळाल्याशिवाय जाणारही नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा जमायच्या ते माझं मला कळत नाहीये.

२२ मार्च, शनिवार
हे चष्मा घरी विसरले, म्हणून हे शिकवतात त्या गोदामामागच्या मैदानावर गेले. विसरले नसते तरी गेले असते.

गाडी उभी. इंजिन बंद. हे काच पुसायच्या पिवळ्या फडक्याने डोळे पुसताहेत आणि दुसरा गिअर यांच्या खांद्यावर थोपटतेय! तेलकट हाताने, मोरपंखी शर्टावर!

अंगाचा तिळपापड झाला. वाटलं दार उघडावं आणि दोघांना ओढून बाहेर काढावं. पण हा माणूस माझ्यासमोर कधी रडला नाही. हसणं तिला, रडणंही तिलाच, मग मला काय उरलं? नुसतं घोरणं?

चष्मा बॉनेटवर ठेवला आणि आले.

२३ मार्च, रविवार
लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी मी तोंड उघडणार तेवढ्यात हेच म्हणाले, "तो कोण आहे?"
मी म्हटलं, "कोण तो? ती कोण ते सांगा!"
"कोण ती?"
"उलट्या बोंबा मारू नका! काल डोळ्यांनी बघितलंय."
"मी तिला तुझंच सांगत होतो," हे ओरडले. "कुणाचे तरी फोन येतात, तू कापतेस. मला सिनेमाला नाही म्हणतेस. मी केस रंगवले, येड्यासारखा शर्ट आणला, तू बघितलंही नाहीस. ती म्हणाली, मास्तर, रडू नका, बायकोला सरळ विचारा. म्हणून विचारतोय. कोण आहे तो?"

मला हसू यावं की रडू तेच कळेना. आणि त्यातही हेच आलं मनात, की माझ्या घरातली गोष्ट तिला आधी कळली.

मग उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "तो दवाखान्यातला माणूस आहे! मला तपासणीत एचपीव्ही निघालाय. गर्भपिशवीच्या तोंडाशी. तो संबंधातून येतो. मी तुमच्याशिवाय कुणाला ओळखत नाही. आता द्या कबुली!"

वाटलं होतं, चिडतील, शपथा घेतील. ते चपलांच्या कपाटावर मटकन बसले. "पिशवीच्या तोंडाशी?" एवढंच. मग, "कधी कळलं?"
"महिना झाला."
"पुढची तपासणी केलीस?"
"नाही. आधी तुम्ही..."
ते उठले, गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाले, "चल." मी म्हटलं, अहो, आज रविवार, बंद असतं. तर किल्ली तशीच हातात धरून भिंतीला टेकून उभे राहिले.
"तिलाही हेच होतं," म्हणाले.
"कुणाला?"
"तिला. पोटाचं दुखणं नव्हतं ते."

यांनीच फोन करून वन्संना बोलावलं. वन्सं आल्या त्या रडतच, आणि या वेळी मला कांद्याची आठवण झाली नाही. त्यांनी सांगितलं. तसल्या जागेचा आजार चारचौघांत कसा सांगायचा, म्हणून घरात सगळ्यांनी पोटाचं दुखणं म्हणायचं ठरवलं. तिने यांना शपथच घातली होती, मी गेल्यावरही कुणाला बोलू नका. अंगावरून जायला लागलं तरी ती कितीतरी महिने गप्प राहिली. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता.

"म्हणून तर तुला ओढत नेलं गं," वन्सं म्हणाल्या.
"मग तेव्हाच का नाही सांगितलंत मला?"
"सांगितलं असतं तर आली असतीस? तिचं नाव निघालं की तू खोलीतून उठून जातेस."
मी म्हणणार होते, कधी उठले मी? पण यांनी माझ्याकडे बघितलं.

२४ मार्च, सोमवार
केंद्र उघडायच्या आधीच आम्ही दारात. कागद बघायला फोनवाला आला. टक्कल पडलेला, निवृत्तीला टेकलेला, कमरेला पट्टा बांधलेला गृहस्थ. यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मला हळूच विचारलं, "हाच?" मी म्हटलं, "हाच." त्या अवस्थेतही मला हसू फुटलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या. महिना का घालवलात? काय सांगणार? घरात काम होतं म्हटलं. डाग पडल्याचंही सांगितलं. त्यांनी व्हिनेगरसारखं काहीतरी लावलं आणि दुर्बिणीतून बघितलं. म्हणाल्या, एके ठिकाणी पांढरं दिसतंय. चिमटीएवढे तुकडे काढून तपासायला पाठवले. चिमटा बसला की कळ येई. मी छताकडे बघत मनातल्या मनात शिव्या दिल्या. कुणाला ते नक्की नव्हतं.

मग हे आत आले. हातातली किल्ली फिरवत म्हणाले, "डॉक्टर, हे हिला मी दिलं का? तिच्याकडून माझ्यात आलं आणि माझ्याकडून हिला?"
"असेल, नसेलही," त्या म्हणाल्या. "कुणाकडून कुणाला आला आणि कधी, हे शोधायची सोय नाही. आणि तुम्हाला माहीत तरी होतं का? मग दिलं कसं म्हणता? झाल्याचा शोध घेऊ नका. यांना पुढच्या प्रत्येक तपासणीला घेऊन या, तुमचं काम ते."

म्हणजे महिनाभर मी ज्या उत्तरासाठी अडून बसले ते उत्तर जगात नाहीच.

२७ मार्च, गुरुवार
आतल्या खोलीत जाऊन फोटोसमोर उभी राहिले. तेवीस-चोवीस वर्षांची असेल त्यात. माझ्यापेक्षा देखणी आहे, आता लिहूनच टाकते. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

तिच्यावरच राग काढला. गेलीस ती गेलीस, आणि जाताना माझ्यासाठी हे ठेवून गेलीस का? डॉक्टरीणबाई सांगता येत नाही म्हणतात, पण दुसऱ्या गिअरवरचा राग आता काढता येत नाही, आणि कुणावर तरी काढावाच लागतो. मनात येईल ते बोलले. ती आपली हसतेय. मला ब्रश फिरवायला वेळेवर ओढून नेणारं कुणीतरी होतं. हिला दुखायचं तेव्हा ही कुणाला सांगत असेल? हे मनात आलं आणि पुढे भांडता येईना. मग फोटोची काच पुसून बाहेर आले.

आज दुसऱ्या गिअरने गाडी तिसऱ्यात टाकली म्हणे. हे कौतुकाने सांगत होते. मी म्हटलं, बरं झालं, आता परीक्षा देऊन टाका म्हणावं.

८ एप्रिल, मंगळवार
निकाल आला. कॅन्सर नाही. पण त्याच्या आधीची पायरी आहे, तीही वरची. तसंच सोडलं असतं तर काही वर्षांत झाला असता. आता तेवढा भाग जागा बधिर करून विजेवर तापणाऱ्या तारेच्या कडीने काढून टाकायचा, त्याच दिवशी घरी. पुढे सहा महिन्यांनी परत तपासणी, आणि नंतरही चुकवायची नाही.

वन्संना फोन केला. निकाल सांगितला. मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही हात सोडला नाहीत म्हणून." तर म्हणाल्या, "काय बोलतेस ते ऐकू येत नाहीये नीट." ऐकू येत होतं त्यांना.

१६ एप्रिल, बुधवार
आज झालं. बधिर करायची सुई टोचली तेवढीच काय ती. मग मशीनचा आवाज आणि काहीतरी जळल्याचा वास. तो माझाच, हे कळेपर्यंत संपलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नीट निघालंय. काढलेला भाग तपासायला पाठवते, पण मला काळजी वाटत नाही."

अर्धा तास पडून राहिले आणि भिंतीला धरून बाहेर आले. यांनी आज सगळे तास रद्द केले होते. दुसऱ्या गिअरचाही, हे मी तपासून घेतलं होतं. बाकावर बसले होते, मोरपंखी शर्ट घालून, आणि रडत होते. मैदानावर लपून रडले तसं नाही. सगळ्यांसमोर, तोंडही न झाकता. फोनवाला पाण्याचा पेला घेऊन शेजारी उभा होता आणि काय करावं त्याला कळत नव्हतं.

मी म्हटलं, "अहो, नीट निघालंय म्हणाल्या. सगळं नीट झालं."
मान हलवली, पण रडणं थांबेना. मग मी विचारलंच. विचारल्याशिवाय राहणारी मी नव्हे.
"खरं सांगा, कुणासाठी रडताय?"
ते म्हणाले, "एवढंसंच होतं गं. सकाळी यायचं आणि दुपारी घरी. तिलाही एवढ्यातच..."

म्हणजे तिच्यासाठी. टेबलावर मी, भाजलं मला, आणि रडणं तिच्या वाट्याला. मला मत्सर वाटला. नाही वाटला असं लिहिलं तर या डायरीला काही अर्थ नाही. चांगलाच वाटला.

मी सावकाश त्यांच्या शेजारी बसले, कारण पटकन बसता येत नव्हतं. फोनवाल्याच्या हातातला पेला घेतला आणि त्यांच्या हातात दिला.

"रडून घ्या," मी म्हटलं. "मी कुठे जात नाही."